नंदीटोकाची खूण

किनवटकडचं नंदीटोक उदगिरात चार माणसांना तरी ठाऊक असेल की नाही, शंकाच आहे. गुरम्माला ठाऊक होतं, कारण टोकावर महादेव होता. आणि जिथं महादेव तिथं गुरम्मा. श्रावणी सोमवार गाठायचा म्हणून मुलाला, श्रीशैलला, आणि सून अंबिकेला घेऊन ती आदल्या दिवशीच पायथ्याच्या वाडीत येऊन राहिली. साठीत हा हट्ट कशाला, असं विचारायची घरात कुणाची छाती नव्हती.

वाट दाखवायला वाडीतला सटवाजी आला. शेळ्यांमागं हिंडून त्याला सगळा डोंगर पाठ झालेला. निघताना त्यानं बजावलं, "डोंगराची धार लई अरुंद हाय. ढग उतरला की पुढचं माणूस दिसत न्हाई. वाट फुटंल तिथं म्या दगडावर दगड रचून ठेवलेत. रचलेले दगड दिसले की तिकडंच वळायचं."

श्रीशैलनं नीट ऐकून घेतलं. गुरम्मा तेव्हा ओठांत 'ओम नमः शिवाय' पुटपुटत होती. तिनं नुसती मान डोलावली.

चढावर अंबिकेला धाप लागली. "आई, तुम्ही व्हा पुढं. आम्ही येतो सावकाश," श्रीशैल म्हणाला.

अर्ध्या धारेवर सटवाजी कोयत्यानं पुढचं झुडूप तोडत होता, तेवढ्यात गुरम्मा दम खायला थांबली. डाव्या हाताला शेळ्यांची वाट गवतात शिरत होती आणि तिच्या तोंडाशी छान चपटे दगड पडले होते. देवाच्या डोंगरावर दगडांचं घर रचलं की देव खरं घर देतो, हे तिच्या आईनं तिला शिकवलेलं. श्रीशैलचा संसार दुकानामागच्या दोन खोल्यांत चालला होता. तिनं एकावर एक पाच दगड रचले, वर बेलाचं पान ठेवलं आणि हात जोडले. "महादेवा, माझ्या श्रीशैलला घर होऊ दे." मग ती समाधानानं पुढं निघाली.

थोड्याच वेळात ढग उतरला. टोकावर पोचून ती पिंडीला पाणी घालत होती, तेव्हा खालून अंबिकेची किंकाळी आली.

दोघं धडपडत खाली आले. अंबिका शेळ्यांच्या वाटेवर गवत मुठीत धरून बसली होती. पुढं चार पावलांवर कडा तुटला होता. "हे पुढं होते," ती सांगत होती, "खूण दिसली म्हणाले, इकडंच वळायचं..."

सटवाजीनं दगड पाहिले. बेलाचं पान पाहिलं. मग गुरम्माच्या तोंडाकडे पाहिलं, आणि लाथेनं ते दगड उधळून टाकले. "चुकलं माझं, ताई," तो अंबिकेला म्हणाला. "खूण चुकीच्या जागी लागली." गुरम्माजवळून जाताना तो हळूच पुटपुटला, "गप ऱ्हावा, माय. लेकरू गेलं तेवढं बस हाय."

गुरम्मा गप्प राहिली, आणि खरं सांगायचं तर त्या घडीला तिला बरंही वाटलं.

उदगिरात लिंगायत रीतीप्रमाणं श्रीशैलला मांडी घालून बसवलं, तळहातावर इष्टलिंग ठेवलं आणि माती दिली. माणसं सटवाजीला शिव्या घालत होती. गुरम्माचा दीर राजशेखर चौकीत तक्रार द्यायला निघाला होता. तिसऱ्या दिवशी गुरम्माला अन्न जाईना. भरल्या घरात ती उभी राहिली आणि म्हणाली, "ते दगड मी रचले. सटवाजीचा काही दोष न्हाई. माझ्या लेकराला मीच मारलं."

राजशेखरनं सगळ्यांसमोर सटवाजीला फोन लावला.

"न्हाई मालक," पलीकडून आवाज आला, "खूण माझीच व्हती. माय दुःखानं बोलून ऱ्हायली."

राजशेखरचे डोळे भरून आले. "वहिनी, त्या माणसावरही दया करता तुम्ही? जाऊ द्या, नाही देत तक्रार."

"अरे, मी खरं सांगते! पाच दगड होते, वर बेलाचं पान..."

तिला धरून खाली बसवलं. कुणी पाणी दिलं, कुणी पाठ चोळली. अंबिका जवळ आली आणि सासूच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली.

"आत्या, तुमच्यासारखी आई मिळाली, तेवढं तरी नशीब होतं त्यांचं."