खुर्शीदबीच्या डोळ्यातला टाका

माझ्या जिभेला हाड नाही, हे अमरावतीच्या आमच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात सगळ्यांना ठाऊक होतं. पेशंट घाबरला की डॉक्टर म्हणायचे, ललिता सिस्टरला पाठवा. मी दोन चिमटे काढायची, पेशंट हसायचा नि सही करून मोकळा व्हायचा. मला त्याचा मोठा तोरा होता.

२००६ साली दर्यापूरचे कुर्बान चाचा बायकोला घेऊन आले. चाचा रफूगार. फाटलेल्या कापडाचेच धागे काढून भोक असं विणायचे की बोट फिरवूनही सापडू नये. त्या वर्षांत कापसानं कुणाला नवं कापड घेऊ दिलं नव्हतं. लग्नातले कोटसुद्धा रफूला यायचे, म्हणून चाचांचं बरं चाललं होतं. बायको खुर्शीदबी. लहानपणी कापूस वेचताना पऱ्हाटीचं टोक लागून तिचा उजवा डोळा गेलेला. उरलेल्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू कुठल्याशा शिबिरात काढला, तेव्हा भिंग ज्या पिशवीत बसवतात ती आतली पिशवीच फाटली. भिंग न बसवताच तिला घरी पाठवलं. तेव्हापासून जाड चष्मा, आणि तरीही भिंत धरून चालणं.

आमच्या पौर्णिमा मॅडमनी तपासून सांगितलं, पिशवी नाही तर भिंग डोळ्याच्या पांढऱ्या भागाला आतून शिवावं लागेल. चाचा एकदम उठले.

"आमच्या गल्लीत सगळ्यायचं बिनटाक्याचं झालं. हिचंच टाक्याचं काहून? एकच डोळा हाय तिले. नोको."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चाचा, टाका कशाला म्हणता? रफू म्हणा. तुमचंच काम आहे, फक्त डोळ्यात."

चाचा माझ्याकडे बघत राहिले, मग हसले. "रफू? मंग ठीक हाय." आणि सही केली.

ऑपरेशनला मी मॅडमच्या शेजारी होते. सगळी मेहनत खुणांची. बुबुळाच्या दोन बाजूंना, अगदी समोरासमोर दोन खुणा. मॅडमनी त्या मोजल्या, पुसल्या, पुन्हा मोजल्या. एक खूण जराशी सरकली तरी भिंग तिरपं बसतं. मग केसाहून बारीक निळा दोरा, आणि त्याची गाठ वरच्या पापुद्र्याखाली दडवलेली. एवढं सरळ बसलेलं भिंग मी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. पट्टी काढली तेव्हा खुर्शीदबी चाचांकडे बघून म्हणाली, "तुमी तं बुढे झाले की हो!" चाचा लाजले. आम्ही सगळ्या पोट धरून हसलो.

घरी जाताना मी त्यांना थेंब कधी घालायचे ते सांगितलं, डोकं कसं धुवायचं ते सांगितलं. हा दोरा जन्मभर आतच राहणार, भिंग त्याच्यावरच टांगलेलं आहे, एवढं सांगायचं राहून गेलं. नाही, राहून गेलं नाही. इतकं उघड आहे ते काय सांगायचं, असं मला वाटलं.

आठ महिन्यांनी गाठ पापुद्र्यातून वर आली. दोऱ्याचं टोक पापणीला टोचू लागलं. खुर्शीदबी दोन दिवस डोळा उघडेना. आमच्याकडे यायला निघाले, तर कापसाच्या भावासाठी रस्ता रोको सुरू. एकही जीप सुटत नव्हती.

आता रफूगार शेवटी काय करतो? वीण पक्की बसली की वर उरलेलं टोक कात्रीनं उडवतो. तिथं दोऱ्यावर काही टांगलेलं नसतं. चाचांनी कात्री उकळून घेतली. स्वतःच्या डोळ्याला रफूची बारीक वीण मोठी दाखवणारी काच लावली. टोक चिमट्यानं जरा वर ओढलं आणि कापलं. गाठीसकट.

तीन दिवसांनी आले तेव्हा भिंग एका टोकावर लोंबत होतं, आणि दोऱ्याच्या वाटेनं जंतू शिरून डोळा पुवानं भरला होता.

"टोक कापलं फक्त," चाचा सांगत राहिले. "रफूचं कापतो तसंच. तिले दुखूबी देलं नाही."

तो शब्द माझा होता.

मॅडमनी दोनदा ऑपरेशन केलं. डोळा गेला.

शेवटच्या दिवशी मी पट्टी बदलत होते. खुर्शीदबीनं हळूच विचारलं, "सिस्टर, त्यायच्या कात्रीनंच गेला ना?"

मी पट्टीची कड पुन्हा पुन्हा दाबत राहिले. तिनं माझा हात धरून थांबवला. मग म्हणाली, "त्यायले सांगू नोका. तुमचा टाकाच कच्चा होता म्हना. त्याच हातानं त्यायले अजून काम कराचं हाय."

मॅडमच्या त्या टाक्याला कच्चा म्हणायचं! पण तिला बाहेर आणून मी बाकावर बसवलं आणि चाचांना म्हटलं, "चूक आमची. टाका कच्चा होता."

चाचांनी मान हलवली. "नाही, बाई. म्या काचेतून पाह्यला तो. असा टाका माह्या जिंदगीत पाह्यला नाही. कापतानी जिवावर आलं होतं." मग बायकोसमोर येऊन उभे राहिले. "खुर्शीद, म्याच कापला."

"मालूम हाय मले," ती म्हणाली. "चला घरी."

उठून तिनं हात पुढे केला, ते नव्हते त्या बाजूला. चाचा धावत त्या बाजूला गेले.