मनकवडे महाराज आणि माझी रिकामी पेटी

शनिवारी शाळेच्या सभागृहात मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. पुढे मुलं, मागे पालक, खिडक्यांतही डोकी. मधून दर शनिवारी येणारे मनकवडे महाराज फिरत होते. डोळे मिटलेले, पण एकदाही कुणाच्या पायावर पाय पडला नाही. त्यांची अट एकच, मुलं वर्गवार आणि हजेरी क्रमांकानं बसवा. का, तर म्हणे ‘लहरी सरळ रेषेत येतात’.

एका पोराच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. "वडील घर सोडून गेले, ते तुझ्यामुळंच, असं वाटतं ना तुला?"

पोरगं हुंदके देऊन रडायला लागलं. "अंतर्ज्ञानी आहेत हो!" माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसले.

आणि मी? मी शाळेची समुपदेशक. जिन्याखालच्या खोलीत बसते. दारावर पत्र्याची पेटी लावलीय : ‘मनातलं लिहा, वर्ग आणि हजेरी क्रमांक टाका, फक्त मीच वाचेन.’ दोन महिन्यांत एक चिठ्ठी नाही! आणि या माणसाला नुसता हात ठेवला की मन कळतं. खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट व्हायचा.

दहावीतली एक मुलगी दर मंगळवारी माझ्याकडे यायची. झोप लागत नाही, एवढं सांगायलाच तिला सहा मंगळवार लागले. आणि महाराजांनी पहिल्याच शनिवारी माइकवरून जाहीर केलं, "या लेकीला जगावंसं वाटत नव्हतं. काढला मी तो विचार!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मला घाम फुटला. पण सांगायला लाज वाटते, आधी पोटात दुखलं ते हे, की मला नाही सांगितलं आणि याला सांगितलं?

त्यानंतर ती आलीच नाही. मला बघून वाट बदलायची. तिच्या आईला तीनदा फोन केला.

"महाराजांनी काढलंय ना बाई? मग तुम्ही कशाला उकरून काढता?"

गुरुवारी मुख्याध्यापिकांनी बोलावलं. "सोमवारी संचालकांसमोर तुमची पेटी उघडायचीय. काही नसेल, तर ती खोली महाराजांना द्यायची म्हणतायत."

माझी खोली, त्याला! त्या संध्याकाळी मी डाव्या हातानं एक खोटी चिठ्ठी लिहिली : ‘धाकटी बहीण आजारी आहे, घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. नववी ब, बारा.’ आणि माझ्याच पेटीत टाकली. शुक्रवारी सकाळी बघते तर कुलूप जागच्या जागी आणि पेटी रिकामी.

शनिवारी महाराज नववी ‘ब’च्या रांगेत शिरले. बाराव्या मुलापाशी थांबले.

"लेकरा, धाकट्या बहिणीच्या दुखण्यानं तू आतून तुटलायस."

"मला बहीण नाहीये."

"नीट आठव."

"काय आठवू? आम्ही तिघं भाऊ, मीच धाकटा."

"मागच्या जन्मीची असेल!"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मी उठले. आता माझीही अब्रू जाणार होती.

"ती चिठ्ठी मी लिहिली. खोटी. पेटी रिकामी दिसू नये म्हणून."

महाराजांना शाळेत आणणारे आमचे हेडक्लार्क ओरडले, "बाईंना महाराजांचा हेवा वाटतो!"

"वाटतो. चांगला पोटभर वाटतो! पण चिठ्ठी कुलपात होती. एक किल्ली माझ्याकडे. दुसरी कुणाकडे असते, सांगा की!"

दुसरी ऑफिसात असते, हेडक्लार्कच्या ड्रॉवरमध्ये. ते खाली बसले. मुख्याध्यापिकांनी सगळ्यांसमोर महाराजांची झोळी उघडायला लावली. आत एकेचाळीस चिठ्ठ्या निघाल्या. हेडक्लार्क रोज सकाळी त्या काढायचे, महाराज पाठ करायचे आणि रांगेत डोकी मोजायचे. झाला चमत्कार! वरचा मायना एकूण एक चिठ्ठीवर तोच : ‘बाई’. मला आलेल्या पत्रांवरून मी त्याच्यावर जळत होते.

सभागृह रिकामं झाल्यावर ती मुलगी माझ्या दाराशी आली. मागे आई.

"म्हणजे तुम्ही नव्हतं सांगितलं त्यांना?"

"नाही गं. मला तुझी चिठ्ठी मिळालीच नाही."

"मला वाटलं, तुम्हीच सांगितलंत."

मी तिला बसवलं आणि सरळ विचारलं, "जगावंसं वाटत नाही, असं अजून वाटतं?"

"रोज."

आईनं दाराची चौकट धरली. "अगं, मग मला का नाही बोललीस?"

"तू टाळ्या वाजवत होतीस."

त्याच दुपारी आम्ही तिघी डॉक्टरांकडे गेलो. आता औषध चालू आहे आणि मंगळवारही. बरं व्हायला वेळ लागेल, आणि हे मी तिच्यापासून लपवलेलं नाही.

तुमच्या घरातलं पोर गप्प झालं असेल, तर त्याचं मन ओळखणारा माणूस शोधत फिरू नका. त्याच्याजवळ बसा, त्यालाच विचारा आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.