पालक आणि पुदिन्याचा तोल

लिफ्ट दुरुस्त करण्यात ज्याचा जन्म गेला, तो बाल्कनीतल्या टोपल्या नव्याने टांगायला निघाला तर काय करणार? वजनाला वजन लावणार. त्याने तेच केलं. छताला कप्पी, कप्पीवरून दोरी, एका टोकाला पालकाची टोपली, दुसऱ्या टोकाला पुदिन्याची. एक टोपली बोटाने ओढली की खाली येते, दुसरी वर जाते आणि सोडाल तिथे थांबते.

हा सगळा खटाटोप बायकोसाठी. तिच्या छातीचं ऑपरेशन झालेलं. तीन महिने हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, अशी डॉक्टरांची ताकीद. आठ हिवाळे ती स्टुलावर चढून त्या टोपल्यांतली भाजी खुडत आली होती. यंदा दवाखान्यातूनच म्हणाली, "देऊन टाका कुणाला तरी. माझ्याने आता काही व्हायचं नाही." ते ऐकून तो जेवढा घाबरला, तेवढा ऑपरेशनच्या दिवशीही घाबरला नव्हता.

घरी येऊन चार दिवस झाले तरी ती बाल्कनीकडे फिरकली नाही. खोकला आला की छातीशी उशी धरायची आणि भिंतीकडे बघत राहायची. हा मात्र दोन्ही टोपल्यांना रोज अर्धा अर्धा मग पाणी घाली, थेंबाचा फरक नाही. तोल जायला नको ना! तरी पालक पिवळा पडत चालला होता. तो मेला तर ही पुन्हा कशालाच हात लावणार नाही, या विचाराने त्याचा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी तो चहा ठेवत असताना खुर्ची सरकल्याचा आवाज आला. डोकावून बघतो तर ती टोपल्यांपाशी बसलेली, मांडीवर उशी, मातीत बोट.

"पालकाला किती पाणी घालता?"

"पुदिन्याएवढंच."

"थंडीत? मुळं कुजतील त्याची. आणि हा बिचारा तहानेला." असं म्हणत तिने भरलेला मग पुदिन्यात रिकामा केला.

व्हायचं तेच झालं. पुदिना धपकन उशीवर आला, पालक वर सुटला, आणि त्याला धरायला तिचा हातही वर निघाला.

"हात खाली," तो एवढ्या जोरात ओरडला की त्याचा आवाज फाटला.

तिने हात आवरला. पुदिन्याखालची उशी ओढून छातीशी घट्ट धरली आणि खाली वाकली. खांदे गदगदत होते. तो धावत तिच्यापाशी आला.

"दुखतंय का? डॉक्टरांना फोन लावू?"

तिने मान वर केली. ती हसत होती. "पस्तीस वर्षं लोकांना असंच वर-खाली केलंत?"

त्याने पुदिना दोन्ही हातांनी उचलून धरला.

"टोपल्या कुणाला कबूल केल्यात का?" तिने विचारलं.

"अजून नाही."

"मग राहू द्या. आणि पालकाला आठवडाभर पाणी नको. मी सांगेन केव्हा घालायचं ते."

त्याने नुसती मान डोलावली. तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.