न कापलेले सदरे

मित्रांनो, तुमच्या कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढी लांब, काळ्या मुठीची आणि टोकाला जराशी झिजलेली अशी मी एक जुनी कात्री आहे. कापडाची कात्री. केस कापणारी नव्हे आणि स्वयंपाकघरातलीही नव्हे. आमच्यात असा फरक असतो, आणि तो विसरलेला आम्हांला आवडत नाही.

माझा जन्म भट्टीत झाला. लोहारानं पोलादाच्या एका पट्टीतून माझी दोन पाती काढली, लाल केली, ठोकली, पाण्यात बुडवली आणि एका खिळ्यानं जन्मभरासाठी एकत्र बांधली. त्या पट्टीचा उरलेला भाग म्हणजे माझी सख्खी भावंडं. त्यांचे सुरे झाले आणि ते फौजेत गेले. मी कापडाच्या दुकानात आले. यात माझं पुण्य काही नाही आणि त्यांचं पाप काही नाही. कोणाला कोणाच्या हाती द्यायचं, ते देणारा वर बसला आहे.

मला ज्यांनी विकत घेतलं त्या बाई कापडाची चित्रं करायच्या. रंग नाही, कुंचला नाही. जुन्या कापडातून आकार कापायचे आणि मोठ्या कापडावर टाके घालून बसवायचे. त्यांची खोली मला पाठ आहे. रस्त्याकडे एक खिडकी, खिडकीला लागून लांब टेबल, टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. भिंतीशी चिंध्यांच्या दोन ट्रंका, एकीत गडद, दुसरीत फिकट. कापड हाती आलं की बाई आधी ते गालाला लावायच्या. मग मला उचलायच्या.

"चिंधी म्हणजे काय गं?" त्या मला म्हणायच्या, कारण खोलीत दुसरं कोणी नसायचं. "जागा न सापडलेलं कापड. आपण जागा शोधून द्यायची, एवढंच आपलं काम. बाकी सगळं ज्यानं कापूस पिकवला त्याचं."

आमच्या गावात एक रीत होती. देशाचा दिवस आला की घरटी एक जुना कपडा बाईंकडे यायचा. बाई प्रत्येकातून एक तुकडा कापायच्या आणि सगळ्या गावाचं मिळून एक मोठं चित्र व्हायचं. कधी नदीवरचा पूल, कधी शाळेची घंटा, कधी नुसतं पिकलेलं शेत. त्या दिवशी सकाळी सभागृहाच्या दर्शनी भिंतीवर तो पडदा चढायचा आणि लोक माना वर करकरून आपापली चिंधी शोधायचे. एकदा पोस्टमन सगळ्यांना सांगत फिरला, "ते आभाळ दिसतंय ना, तो माझा पायजमा." त्याची बायको म्हणाली, "म्हणूनच इतकं ढगाळ." गाव पोट धरधरून हसलं. मित्रांनो, देशावर प्रेम करण्याची ती रीत मला फार आवडायची. तिच्यात कोणी कोणाच्या विरुद्ध नव्हतं.

मग ते वर्ष आलं. सीमेवर लढाई पेटली होती. उत्सवाच्या समितीनं सांगितलं, यंदा पूल नको, शेत नको, यंदा संचलन हवं. पावलाला पाऊल लावून निघालेली गावातली तरणी मुलं. आणि प्रत्येक मुलाची आकृती त्याच्याच सदऱ्यातून कापायची.

चूक इथं झाली, आणि ती आमच्या धंद्यातलीच चूक होती. मुलांनी जुने सदरे आणलेच नाहीत. चित्रात उठून दिसायचं म्हणून एकेकानं ठेवणीतला, एकदाच अंगाला लागलेला सदरा आणला. बाईंनी "हा नको, जुना आण" म्हणायला हवं होतं. पण रंग असे ताजे, असे झगझगीत, की त्यांचे हात शिवशिवले. आणि पाठीचं कापड सगळ्यांत मोठं आणि सलग असतं, म्हणून त्यांनी ऐन पाठीच्या मधोमध मला चालवलं. अकरा सदरे. उरलेल्या सदऱ्यांमध्ये माणसाच्या आकाराची भोकं राहिली.

चित्र अप्रतिम झालं. मी उगाच विनय करत नाही. वारा आला की ती रांग खरोखरच चालू लागायची. पडद्याखाली समितीनं एक टेबल ठेवलं होतं आणि टेबलावर भरतीचे कागद. मुलं वर बघायची, "तो मी" म्हणायची आणि खाली बसून सही करायची. बाईंचा धाकटा भाऊ सहावा होता. सही करून तो हसत म्हणाला, "ताई, तू मला आधीच पाठवलंयस, आता मी मागं राहून कसं चालेल?"

अकरांतले चार परत आले. भाऊ त्या चारांत नव्हता.

मित्रांनो, त्यानंतर एकेक आई आमच्या दाराशी येऊ लागली. कोणी भांडायला आली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. प्रत्येकीचं एकच मागणं होतं, त्याचा सदरा अखंड उरलाय का. ज्या घरी माणूसही येत नाही आणि मातीही येत नाही, तिथं कपाटातला सदरा हेच काय ते माणूस असतं. बाईंनी त्यांच्या हातांत भोक पडलेले सदरे ठेवले. एक म्हातारी त्या भोकातून आपला हात आरपार घालून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "छान कापलंयस हो. धार चांगली आहे."

माझं आयुष्यात पुष्कळ कौतुक झालं. पण हे कौतुक मला आजही टोचतं.

बाईंनी मला खणात ठेवलं. पुढं त्या काज करायच्या, पायघोळ कपडे आखूड करून द्यायच्या, त्यासाठी त्यांना लहान कात्री पुरायची. माझ्या खिळ्यावर गंज चढला. तीन वर्षं मी अंधार आणि डांबराच्या गोळ्यांचा वास यांच्याशिवाय काही पाहिलं नाही. बाहुलीला झबलं हवं म्हणून त्यांच्या चिमुकल्या लेकीनं, ठकीनं, दोन्ही हातांनी खण ओढला तेव्हा मला उजेड दिसला. बाईंनी मला तिच्या हातातून काढून घेतलं. खाली ठेवणार, तोच थबकल्या. मग तेल आणलं. पुढं पडदे पुन्हा सुरू झाले, पूल, शेतं, घंटा. संचलन मात्र नाही.

आता ठकी वीस वर्षांची आहे. आणि आता पुन्हा गावात तसलंच काहीतरी हवेत आहे.

आधी लहानसहान गोष्टी बदलल्या. घड्याळवाल्यानं दुकानाच्या काचांवर कागदाच्या फुल्या चिकटवल्या. रस्त्यावरच्या दिव्यांना पत्र्याच्या टोप्या बसल्या. शाळेत मुलांना तळघरात उतरायला शिकवू लागले, आणि पोरं ती शर्यत समजून धावू लागली. दुपारी चारला भोंगा वाजायचा, नुसती चाचणी म्हणून, आणि नुसती चाचणी आहे हे माहीत असूनही बाईंची सुई दर वेळी थांबायची.

देशाच्या दिवसाला तीन आठवडे उरले असताना समितीचे चिटणीस आले. मागून हमालानं सदऱ्यांचा गठ्ठा आणला.

"ताई, यंदा तोच पडदा. त्या साली केला होता तसा. लोक अजून नाव काढतात."

"कोण लोक?" बाईंनी विचारलं.

"सगळेच. तुमच्या हातात जादू आहे. पोरांच्या अंगात वारं भरतं बघा."

"भरतं खरं. मग ती उडून जातात."

चिटणीस माणूस वाईट नव्हता. त्यानं चष्मा पुसला. "ताई, वरून आलंय हे. मी काय, निरोप्या. नाही म्हणालात तर ते छापील चित्र आणून लावतील. तुमचं असलं तर निदान गावाचं तरी असेल."

बाईंनी गठ्ठा सोडून मोजला. गठ्ठ्यात एकोणतीस सदरे होते. सगळे ठेवणीतले.

संध्याकाळी ठकीनं तिसावा आणून टेबलावर ठेवला. पिवळा, बारीक चौकड्यांचा, तिच्या पहिल्या पगाराचा. कापडगिरणीच्या कचेरीत ती कामाला होती.

"हा कशाला?" बाईंनी विचारलं.

"सगळ्यांनी दिलेत. आता मुलींनाही घेतात, आई. मी भरतीचा कागद आणलाय. शनिवारपर्यंत मुदत आहे, म्हणजे देशाच्या दिवसानंतरचा शनिवार."

"सही केलीस?"

"तुला सांगून करणार होते."

"सांगून, का विचारून?"

"सांगून." मग ठकी जरा वरमली. "मामाचं नाव काढून मला अडवू नकोस हं, आई. मामाची गोष्ट ऐकत ऐकतच मोठी झालेय मी. देश तुझाही आहे ना? मग वर्षानुवर्षं भिंतीवर काय टांगत आलीस?"

"पायजम्याचं आभाळ टांगत आले," बाई म्हणाल्या. "त्याच्यासाठी कोणाला मरावं लागत नव्हतं."

ठकीला हसू आलं, आणि हसू आलं याचाच राग आला. ती आत निघून गेली. सदरा टेबलावर माझ्याशेजारी पडून राहिला. बाईंनी तो गालाला लावला. मला वाटलं, आता त्या मला उचलतील. त्यांनी मला उचललं आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं.

तो पडदा करताना मी फक्त दोरे तोडले. बाईंनी एकही सदरा कापला नाही. तीसही सदरे जसेच्या तसे, बटणं लावलेले, ओळीनं एकमेकांना जोडले. प्रत्येकाची बाही शेजारच्याच्या बाहीला, मनगटाशी चार टाके. टाके असे हलके की ओढ बसताच उसवावेत आणि कापडाला खूणही राहू नये. "हे काही नवीन नाही," त्या पुटपुटल्या, "पण करण्यासारखं एवढंच आहे. नवं सुचणं ही काही नेहमीच देवाची कृपा नसते. मागं मला किती छान सुचलं होतं."

देशाच्या दिवशी सकाळी त्यांनी मला झोळीत घालून बरोबर नेलं, वर दोरी कापायला. पडदा चढला. क्षणभर तो नुसताच लोंबला. गर्दीतून कोणी म्हणालं, "हे काय, धोब्याचं वाळवण?" दोघंचौघं हसले. मग वारा आला. तीसही सदरे फुगले, छाती भरून आली, बाह्या उचलल्या गेल्या आणि गळ्यातून आत नुसता काळोख दिसला. माणसं नव्हती. सगळं काही होतं, फक्त माणसं नव्हती.

बँड मध्येच थांबला. एका बाईनं पुढं होऊन एका सदऱ्याचं खालचं टोक हातात धरलं, रस्ता ओलांडताना मुलाचा सदरा धरतात तसं. मग दुसरीनं. भरतीच्या टेबलामागचा कारकून लेखणी हातात धरून बसला होता. रांगेतली काही मुलं निघून गेली. पण मित्रांनो, खोटं कशाला सांगू, सगळी गेली नाहीत. नऊ जणांनी सही केली. ठकी रांगेत नव्हती, पण तिची पिशवी तिच्या खांद्याला होती आणि पिशवीत तो कागद होता. दिवसभर ती आईशी बोलली नाही.

शुक्रवारी दुपारी पडदा परत आला. गठ्ठा बांधून, वर टाचलेलं एक सरकारी पत्र. बाईंचा चष्मा सापडेना, म्हणून ठकीनं ते मोठ्यानं वाचलं. पडदा उसवावा. सदऱ्यांच्या, जखमांना बांधायला, चार बोटं रुंद पट्ट्या कापाव्यात. गुंडाळ्या करून सोमवारी गाडीत द्याव्यात. या गावाच्या वाट्याला पाच हजार.

ठकी वाचता वाचता थांबली. पुन्हा मनात वाचलं. खाली तारीख होती, ती बघितली.

"आई, हे पत्र देशाच्या दिवसाच्या आधी आठ दिवस लिहिलंय."

"असेल."

"अजून तर लढाई लागलेलीच नाही. रोज सांगतायत की लागणार नाही, नुसती तयारी आहे." तिचा आवाज खाली गेला. "मग पाच हजार कोणी मोजले?"

रस्त्यावर चारचा भोंगा सुरू झाला. या वेळी ठकीचाही हात थांबला. भोंगा संपेपर्यंत दोघी तशाच बसून होत्या.

मग ठकीनं पिशवीतून कागद काढला, टेबलावर ठेवला आणि मला उचललं. कापडाच्या कात्रीनं कागद कापायचा नसतो, मित्रांनो. धार जाते. बाईंनी एरवी त्यासाठी कोणाचीही गय केली नसती. त्या नुसत्या बघत राहिल्या. ठकीनं कागदाचे उभे चार तुकडे केले. काप वाकडा गेला.

"पट्ट्या नाही करायच्या ना?" तिनं विचारलं.

"करायच्या," बाई म्हणाल्या. "लढाईला नाही म्हणता येतं, जखमेला नाही म्हणता येत नाही. ती कोणाचीही असो. पण सदरे नाही कापायचे. ते ज्याच्या त्याच्या घरी जातील. कापड माझं."

त्यांनी फिकट ट्रंक उघडली. आयुष्यभर चित्रांसाठी जमवलेलं सुती कापड. पुलांचं पाणी, शाळांच्या भिंती, अजून न सुचलेली आभाळं. त्याखाली अंथरायच्या चादरी, खिडकीचा पडदा. मी कापत गेले. रविवारी ठकी घरोघरी सदरे पोचवून आली, घडी घालून, अखंड. नऊ घरांत तिला दारातून लवकर निघता आलं नाही.

सोमवारी गाडी आली. आमच्या खोलीतून सहाशे गुंडाळ्या गेल्या. गाडीवान पाणी प्यायला आणि सहज म्हणाला, "पुढल्या सोमवारी दुप्पट लागतील, ताई. तसं सांगितलंय."

मित्रांनो, मी लोखंड आहे. मला हाताला विचारता येत नाही. माझ्या भावंडांनाही येत नाही. कापायला सांगितलं की आम्ही कापतो, मग ते कापड असो नाहीतर काही असो. तुम्हांला मात्र तोंड आहे. तुमच्याकडून कोणी ठेवणीतला सदरा मागेल, छान गाणं मागेल, उठून दिसणारं चित्र मागेल, तेव्हा कौतुकानं हुरळून जाऊ नका. त्याच्याखाली कसलं टेबल मांडणार आहात, एवढं विचारा. आणि आधी विचारा. नंतर विचारून काय होतं, ते मी पाहिलं आहे.

ठकीच्या अंगठ्याला फोड आला आहे. तिनं माझ्या मुठीला एक चिंधी गुंडाळली आहे. फिकट ट्रंक रिकामी झाली. आता आम्ही गडद ट्रंक उघडली आहे.