न परतलेल्यांची गणती

१९८६ साली मॉरिशसमधल्या तान्ह्या बाळांचा पोटशूळ सरकारदरबारी बरा व्हायचा होता. फक्त एक सही बाकी होती, आणि ती पोर्ट लुईच्या सांख्यिकी कचेरीतल्या कृष्णदेवने करायची होती.

अहवाल घेऊन आला होता हरिलाल, क्युरपिपला दवाखाना थाटलेल्या एका परदेशी कायरोप्रॅक्टरचा मदतनीस. साहेब बाळांच्या पाठीचे मणके बोटांनी दाबत. हरिलाल आयांना धीर देई आणि नोंदी ठेवी. सही झाली की हाच उपचार गावोगावच्या सरकारी दवाखान्यांत सुरू होणार होता.

"एकसष्टातली सत्तावन्न बरी, दादा," हरिलाल म्हणाला. "शेकडा त्र्याण्णव! शाळेत एवढे मार्क तुला तरी पडले होते का?"

"असलं रडणं बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की बहुधा आपोआप थांबतं. उपचार न केलेली किती बाळं तुलनेला ठेवलीत?"

"रडतं पोर तसंच ठेवायचं? कसाई आहेस की काय!"

सोबत युरोपातल्या अशाच एका अहवालाचे कात्रण होते. तुलनेचा गट त्यातही नव्हता. अज्ञानावर परदेशी टपालाचा शिक्का बसला की त्याचा पुरावा होतो, हे बारा वर्षांच्या नोकरीत कृष्णदेवला कळून चुकले होते. त्याने पान उलटले आणि सत्ताविसाव्या ओळीवर त्याचे बोट थांबले.

'मुलगी, सात आठवडे, ग्रां बुआ. दोनदा आणली. पुढे आली नाही. निष्कर्ष : पूर्ण बरी.'

ती त्याची भाची होती. दुसऱ्या भेटीनंतर चौथ्या दिवशी ती गेली. आतड्याला पीळ पडल्याचे इस्पितळात कळले, तेव्हा फार उशीर झाला होता. मणके दाबल्याने ती मेली, असे कृष्णदेवने कधीच म्हटले नाही. जे दिवस तिच्या पोटाचे होते, ते पाठीवर खर्ची पडले, इतकेच. आणि त्या दवाखान्याचा पत्ता बहिणीला त्यानेच लिहून दिला होता.

"ही बरी झाली, हे तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? आपली रीत विसरलास? पोर बरं झालं की आई पोट चोळणारीकडे परत जात नाही. आभार मानायलासुद्धा नाही. गेली तर दुखणं माघारी येतं. मीच साहेबांना समजावलं. खूश झाले एकदम. पान चार बघ."

पान चारवर ती रीत भारदस्त वेषात विराजमान होती : 'स्थानिक परंपरेनुसार अनुपस्थिती हे पूर्ण आरोग्याचे लक्षण होय.' सत्तावन्नांपैकी एकेचाळीस बाळे अशी, न येऊन, बरी झाली होती.

"ही माझ्या बहिणीची, इंद्राणीची मुलगी, हरिलाल. मेली ती."

"आयो, दादा..." हरिलालने अहवाल आपल्याकडे ओढला. मग हळूच म्हणाला, "ती एक ओळ खोडू. छपन्न धर. तरी नव्वदच्या वरच राहतात."

कृष्णदेवने टोपण पेनाला परत लावले. मात्र अहवाल अडवायला नुसता नकार पुरणार नव्हता. घरच्यांची लेखी जबानी हवी होती. म्हणून शनिवारी तो ग्रां बुआला, बहिणीच्या सासरी गेला.

इंद्राणीची सासू जमुना अंगणात तेल कोमट करत बसली होती. चाळीस वर्षे अवघ्या सावान जिल्ह्यातली बाळे तिच्या पायांवर चोळून घेतली गेली होती. नात गेल्यापासून सून तिच्याशी बोलत नव्हती, कारण दुखण्याचे पहिले आठ दिवस बाळाला जमुनानेच चोळले होते.

कृष्णदेवने ती ओळ वाचून दाखवली.

"पूर्ण बरी?" इंद्राणीने विचारले. तिने पुन्हा विचारले नाही. कागद ओढून घेतला, खरे काय घडले ते चार ओळींत लिहिले आणि सही केली.

"आली नाय म्हनून बरी?" जमुना उसळली. "कुठल्या गाढवानं लिवलं हे?"

"रीत तुमचीच आहे, मावशी." त्याला हे सौम्यपणे बोलायचे होते, पण शब्द धारेसकट बाहेर पडले. "त्यांनी फक्त छापली."

जमुनाचा हात वाटीतच थांबला. 

"सुरिनाम गावची चंद्रावती," ती म्हणाली. "तिच्या पोराच्या पोटात दूध टिकत नव्हतं. परत आली नाय. मी म्हनलं, बरं झालं. बसंतीची जुळी. त्यांचंबी बरंच झालं म्हनलं." तिने पदराला हात पुसले आणि चपला पायांत सरकवल्या.

"कुठे निघालात?" कृष्णदेवने विचारले.

"इचारायला."

"चाळीस वर्षांनी?"

"मग कवा? तुझा साहेब इचारनार हाय?"

 तुलनेच्या गटाचा प्रश्न, शेकडेवारी, युरोपचे कात्रण, सगळे कृष्णदेवच्या पिशवीत होते. आणि या बेटावर पहिली खरी चौकशी करायला एक निरक्षर म्हातारी उन्हात निघाली होती.

"थांबा, सासूबाई," इंद्राणी म्हणाली. कित्येक महिन्यांनंतरचा तो पहिला शब्द. "तुम्ही विचारा. मी लिहीन."

तिने भावाच्या पिशवीतून कोरा कागद काढला, गुडघ्यावर धरला आणि पहिली ओळ तिथेच लिहिली : 'रीता, सात आठवडे. परत नेली नाही. वारली.'

मग दोघी उसाच्या वाटेने सुरिनामच्या बसकडे चालू लागल्या.