कोटाच्या घडीत चाफा

"पूर्वी, खरं सांग. डब्यांची अदलाबदल झाली का?"

अनुष्का मॅडम रागावल्या की आवाज खाली आणत. आज तो जवळजवळ ऐकूच येत नव्हता.

काचेच्या लांबलचक पेटीच्या एका टोकाला पंखा फिरत होता आणि त्याच्यापुढे मादीचा वास लावलेला रबराचा तुकडा होता. त्या वासावर घाटेअळीचे नर पतंग वाऱ्याविरुद्ध उडत येतात. हे कुठल्याही नराला शिकवावं लागत नाही. पण आजचे नर वेगळे होते. तो वास ओळखणारं जनुकच मॅडमनी त्यांच्यात बंद केलं होतं. त्यांनी मुकाट तळाशी बसून राहायचं. ते उडाले. मादीच्या वासाकडे ढुंकूनही न बघता सरळ पंख्याच्या जाळीवर जाऊन बसले. जाळीपलीकडे पूर्वी उभी होती.

"नाही मॅडम. डब्यांवरचे रंग मी दोनदोनदा बघते."

"मग जनुक बंद झालंच नाही, असं मी वर सांगू? तुझ्या मुदतवाढीच्या कागदावर मला सही करायचीय पूर्वी, पण डोळे मिटून नाही करता येणार."

पनवेलच्या या छोट्या प्रयोगशाळेत पूर्वीला नोकरी लागली, तेव्हा तिच्या गव्हाण गावात पतंग पाळायचे पैसे मिळतात यावर निम्म्या लोकांचा विश्वास बसला नव्हता. उरलेल्यांनी ते किलोवर असतात की नगावर, एवढंच विचारलं होतं. प्रयोगशाळेचा नियम कडक: अंगाला वास नको. पावडर नको, गजरा नको, तेल नको. कोट घरी धुवायचा तोही बिनवासाच्या साबणाने. पूर्वीने घरी हे सगळं वाचून दाखवलं. सासू ठमाबाई पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. तिने यादी नीट ऐकली. यादीत मासळी नव्हती. ठमाबाईने ती स्वतःच घातली.

त्या दिवसापासून सुकायचे बोंबील जावेच्या अंगणात गेले. कोटाला हात लावण्याआधी ठमाबाई आंघोळ करू लागली. न्हावा शेव्याच्या बंदरात क्रेनवर कामाला असलेला पूर्वीचा नवरा कुंदन एकदा आईला म्हणालाच, "आई, घरान काय देव बसवलाय?"

मॅडमच्या त्या प्रश्नाने पूर्वीला झोप लागली नाही. पहाटे ती उठली, तर ठमाबाई कोटाची घडी उलगडत होती.

"आई, काय करताय?"

ठमाबाईने मूठ पाठीमागे नेली. पण पकडली गेल्यावर घासाघीस करणाऱ्यांतली ती नव्हती. मूठ पुढे आणून उघडली. आत कोमेजलेला सोनचाफा होता.

"हौसा फुलवालीकडनं घेतंय. दोन बांगडे दिले का मूठभर देते. रातभर घडीत ठेवतंय, पाटे काढतंय. तुज्या अंगाला मासलीचा वास नको."

पूर्वीने कोट नाकाशी धरला. सुकटीच्या घरात आणि पतंगांच्या खाद्याच्या आंबूस खोलीत हा चाफा कुठल्या माणसाच्या नाकाला लागणार होता?

"आई, पतंग फुलांवरच जातात, मधासाठी! मादीचा नाही, त्यांना तुमच्या चाफ्याचा वास येत होता! कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे?"

"कोनी सांगाला कशाला पायजे?" ठमाबाई म्हणाली. "बसमदी बायका नाक दाबतान, त्या काय मना सांगून दाबतान?"

पूर्वीचा राग तिथेच अडकला.

"मॅडमला माजा नाव सांग. म्हातारी येरी हाय, अक्कल नाय म्हन."

"मी सांगितलं तर बहाणा वाटेल. तुम्हीच चला."

मासळीची पाटी बाजारात हौसाजवळ ठेवून ठमाबाई प्रयोगशाळेत आली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, पूर्वीला नवा कोरा कोट घालायला दिला आणि पुन्हा जाळीपलीकडे उभं केलं. नर तळाशी बसले ते बसलेच. पण अर्धा खुलासा मॅडमना पचत नसे.

"बाई, तो कमरेचा रुमाल देता?"

ठमाबाईने पूर्वीकडे पाहिलं. त्या रुमालाला तिने सकाळपासून हात पुसले होते. मॅडमनी पंख्यापुढचा रबराचा तुकडा काढून त्या जागी तो टांगला. जनुक बंद केलेले नर हलले नाहीत. मग मॅडमनी साधे नर सोडले. तेही हलले नाहीत. एकाने तेवढ्यात मिशी साफ करून घेतली.

"कुठला वास घ्यायचा ते यांचं जनुकांनीच ठरवलेलं असतं," मॅडम म्हणाल्या. "मासळीशी यांना काही घेणंदेणं नाही."

"जराबी नाय?"

"जराही नाही."

"ताजी सुरमय व्हती," ठमाबाई म्हणाली. तिला थोडं लागलं होतं.

मॅडम पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या. आधीचे सगळे प्रयोग पूर्वीने पुढच्या महिनाभरात पुन्हा करायचे, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे पुढचा महिनाभर तरी नोकरी पूर्वीची होती.

संध्याकाळी दोघी गव्हाणच्या टमटममध्ये बसल्या. ठमाबाई सवयीने कडेला सरकली आणि पदर अंगाशी आवळून घेतला. पूर्वी तिच्यामागोमाग सरकली. आणखी सरकायला जागा नव्हती. पूर्वीने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं, नाक पदरात गेलं, आणि गाडी मोठ्या रस्त्याला लागायच्या आत रात्रभराची जागलेली ती झोपली.

बाजूने कंटेनर धडधडत जात होते. त्यांच्या मधल्या फटींतून मावळतीचं ऊन पूर्वीच्या डोळ्यांवर येत होतं. ठमाबाईने हात उचलला, तो क्षणभर तसाच अधांतरी राहिला. मग तिने तो पूर्वीच्या तोंडाजवळ नेला आणि उन्हाच्या आड धरून ठेवला.