पोकळ वाजणारी टाकी

मी एक जुनी पोलादी टाकी आहे. नामिबियात, कुइसेब नदीच्या कोरड्या पात्राकाठी, एका लहानशा दवाखान्यामागे मी अकरा वर्षे उभी आहे. मित्रांनो, माझ्या पोटात नेमके काय असते, हे मला अद्याप उमगलेले नाही.

मला घडवणारे म्हणाले होते, हिच्यात हायड्रोजन राहील. पण जे भरले गेले त्याला ना रंग होता, ना वास. शेजारचे यंत्र सौरपाट्यांच्या विजेने पाण्याची फोड करते आणि त्यातला वायू माझ्यात येतो. ऊन नसले की तो दुसऱ्या यंत्रात जातो, तिथे वीज होते आणि एका नळीतून पुन्हा पाणीच ठिबकते. पाणी घेऊन पाणीच परत द्यायचे, तर मधल्यामध्ये झाले काय? मी पुष्कळ विचार केला; उत्तर सापडले नाही.

दवाखान्यात प्रथम दिवा लागला तेव्हा गावाने बकरा कापला. औमा हेस्तर, गावची सर्वांत वृद्ध आजी, तेवढी फुरंगटून बसली होती. "आमच्या घशाला कोरड, आणि हे यंत्र पाणी पितंय," ती म्हणाली. पुढे मात्र तिने त्या नळीखाली आपला पाण्याचा जग ठेवला आणि ते पाणी शेळ्यांना पाजू लागली.

बंदरावरच्या माझ्या थोरल्या भावंडांचा वायू जहाजांतून परमुलखी जातो. तिथे दुरुस्तीवाला दरमहा येतो. इथे तो चार वर्षांत फिरकला नाही. खाऱ्या धुक्याने माझ्या मापकाची काच आंधळी झाली आणि काटा शून्यावर गंजून बसला. मग लोकांनी पाण्याच्या पिंपाची जुनी रीत मला लावली: दगडाने ठोकायचे, बद्द वाजले तर भरलेले, खणखणले तर रिकामे. मी नेहमीच खणखणते.

गेल्या हिवाळ्यात समुद्राकडून धुके आले आणि तीन दिवस उलटले तरी सूर्य दिसला नाही. शेजारच्या वस्तीत गोवर पसरला होता. आमची मुले शेळ्यांबरोबर दूर चराईला जाऊन धुक्यात अडकली होती; त्यांची लस दवाखान्याच्या शीतपेटीत होती, आणि शीतपेटी माझ्यावर चालत होती. चौथ्या सकाळी गाढवगाडीवाल्या म्हाताऱ्या औपा डीड्रिकने मला ठोकले.

"ठणठण वाजतेय, रिकामी होत आली. दुपारपर्यंत ही संपणार. सिस्टर, लस गाडीत घाला, बंदरावर पोचवतो."

"वाळूतून दोन दिवस, आणि माझ्याकडचा बर्फ एक दिवसाचा," दवाखान्याची परिचारिका सिस्टर लोइडे म्हणाली. "वाटेतच लस वाया जाईल."

"इथे राहिली तर इथे जाईल."

मित्रांनो, मलाही तसेच वाटले. इतके जण म्हणतात, तर मी रिकामीच असेन.

इतक्यात औमा हेस्तर नारा फळाच्या बियांचा वाडगा घेऊन आली. "डीड्रिक, तुझ्या डोक्यावर ठोकलं तरी असंच वाजेल. म्हणून ते रिकामं का?"

"औमा, चेष्टेची वेळ नाही ही."

"चेष्टा कोण करतंय? रविवारी टाकी काठोकाठ भरली, वरची झडप फुसफुसली, तेव्हा मी वाडगा रिकामा केला. तेव्हापासून नळीखालचा जग भरला की एक बी टाकते. गेल्या वर्षीच्या धुक्यात टाकी आटली, तेव्हा चाळीस बिया झाल्या होत्या. आज मोज, म्हणजे किती वायू उरलाय ते कळेल."

सिस्टरने मोजल्या. बारा होत्या. तिने पुन्हा मोजल्या, मग शीतपेटीला कुलूप घालून किल्ली खिशात ठेवली. डीड्रिकने गाडीला जुंपलेली गाढवे सोडली.

सहाव्या दिवशी ऊन पडले. मुलांना रांगेत बसवून सिस्टरने लस टोचली. रडण्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. त्या दिवशी वाडग्यात एकवीस बिया होत्या.

मित्रांनो, गरिबाच्या दारी यंत्र उभे करून निघून जाऊ नका. त्याची काच पुसायलाही कुणी मागे ठेवा. डीड्रिक अजून रोज सकाळी मला ठोकतो. मी खणखणते, आणि क्षणभर मलाच शंका येते. मग आम्ही दोघेही औमाच्या वाडग्याकडे पाहतो.